कोचीनकरांची ठेव

परवा धाकट्या पुतण्याचा मुलगा छापलेलं हिब्रू पुस्तक घेऊन माझ्यापाशी बसला आणि घडाघडा वाचून दाखवू लागला. वाचून झाल्यावर विचारतो, "आजी, तुझ्या माहेरी फार पूर्वी कोचीनची हाताने लिहिलेली एक पोथी होती म्हणे. खरं का?" मी म्हटलं, होती. "मग गेली कुठे?" मी म्हटलं, तू आधी जेवून घे. त्याला टाळलं, पण तो गेल्यावर स्वतःला काही टाळता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. अक्षर मला उतारवयात आलं, तेही दिराच्या नातवांच्या पाट्यांवरून, त्यामुळे ते वाकडं आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तेव्हा पेशवाई होती. आम्ही भवानी पेठेच्या कडेला राहायचो, जिथे घरं संपून बाभळी लागत. पुढे घाणा, मागे दोन खोल्या, परसात बैलाचा गोठा. पहाटे आबा, म्हणजे माझे वडील हसाजी, बैलाला झापडं बांधून जुंपत आणि घाण्याची करकर सुरू होई. ती इतकी सवयीची की घरात बोलायचं ते त्या आवाजाच्या वरून, हे आम्हाला बाळपणापासूनच येत होतं. बाहेर कुठे गेलो की लोक म्हणत, हळू बोला, आम्ही बहिरे नाही. करडई, तीळ, जवस, ज्याचा हंगाम असेल त्याचा वास कपड्यांना, केसांना, भाकरीलाही. सकाळची न्याहारी म्हणजे जोंधळ्याची भाकरी आणि तिच्यावर नुकतंच निघालेलं कोमट तेल, वर तिखटमीठ. त्याच्यापुढे मला आजही तूप नको वाटतं. शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबे तो थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. पेठेत आम्हाला शनवार तेली म्हणत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, आहोत हे आबा एकदोनदा समजावून सांगत, मग सोडून देत. समोरच्या पुराणिकबाई आईला म्हणायच्या, "तुमच्या बैलाचं बरं आहे हो. आठवड्यातून एक दिवस तरी बसायला मिळतं. आमच्या घरी एवढं कोणाला मिळत नाही."

धर्माचं आम्हाला थोडंच ठाऊक होतं. शनिवार पाळायचा, खवल्यांचीच मासळी खायची, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, आणि शेमा म्हणायचा, देव एकच आहे असं सांगणारी हिब्रू प्रार्थना. शेमाच्या एका ओळीवर आमचं सगळं भागे. बारशाला तीच, लग्नाला तीच, मयतालाही तीच. पुस्तक म्हणून आमच्यापाशी काही नव्हतं. आमचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते कोकणकिनाऱ्याला फुटलं तेव्हा पुस्तकं समुद्रात गेली, असं आबा सांगत, जणू ते स्वतः त्या गलबतावर होते.

अशा घरी एका उन्हाळ्यात कोचीनकर आले. त्यांचं नाव योसेफ, पण आम्ही त्यांना कोचीनकरच म्हणायचो. कोकणातल्या आमच्या लोकांना प्रार्थना शिकवायला ते आले होते, आणि पुण्यातही आपली तीनचार घरं आहेत असं कोणीतरी सांगितलं म्हणून घाट चढून वर आले. उंच, वाळलेले, पांढरी दाढी. मराठी कोकणात शिकलेलं, त्यामुळे हळू आणि नीट बोलत, आणि आमच्या घरात तर ते घाण्याखाली पार बुडून जाई. त्यांच्या पडशीत एक पोथी होती, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. पुराणिकांच्या पोथ्या आडव्या, सुट्या पानांच्या. ही उभी, शिवलेली, चामड्याची बांधणी, आणि उलट्या बाजूने उघडणारी. पानाच्या मधोमध मोठी चौकोनी अक्षरं आणि त्यांच्या चारी बाजूंनी बारीक तिरकी अक्षरं, अगदी कडेपर्यंत. ती कडेची अक्षरं म्हणजे मधल्या मजकुरावरची टीका, कोचीनकरांच्या गुरूंनी आयुष्यभर बसून लिहिलेली. त्याची दुसरी प्रत नव्हती. कोकणातलं काम संपलं की घरी जाऊन स्वतःच्या हाताने तिची नक्कल करायची, असं त्यांनी गुरूंना मरतेवेळी कबूल केलं होतं.

"त्यात आहे काय एवढं?" आबांनी विचारलं.

"जग होण्याच्या आधीचं," कोचीनकर म्हणाले. "आधी नुसता उजेड होता. तो भांड्यांत भरला. भांड्यांना तो पेलवेना, ती फुटली. उजेडाचे कण सगळीकडे सांडले. ते वेचायचे म्हणून माणसाचा जन्म."

आबांनी जरा विचार केला. "भांडी कच्ची भाजली असणार," ते म्हणाले.

माझा मोठा भाऊ सामाजी, ज्याला मी दादा म्हणायची, तो हसून हसून भिंतीला टेकला. कोचीनकरही हसले. ते म्हणाले, गुरूंचंही साधारण हेच मत होतं, फक्त त्यांनी ते सांगायला पानं फार घेतली.

दादाला ते परसात बसवून अक्षरं शिकवू लागले. कौलावर कोळशाने काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. दादाला मिसरूड फुटली होती, तरी लहान पोरासारखा जीभ बाहेर काढून गिरवायचा. अक्षरं ओळखता येऊ लागल्यावर कोचीनकरांनी त्याला पोथी मांडीवर घेऊ दिली. वाचायची मात्र नाही. चाळिशी उलटल्याशिवाय ती विद्या कोणी वाचत नाही, असा त्यांच्यात नेम होता. दादा फक्त अक्षरं हुडकायचा, हे अमुक, हे तमुक, आणि आईला बोलावून दाखवायचा. आई पीठ भरल्या हातांनी यायची, लांबूनच बघायची आणि म्हणायची, "छान आहे." तिला त्यातलं काही कळत नसे, पण मुलगा वाचतो आहे एवढं तिला पुरे होतं. एकदा समोरचे पुराणिक जीर्ण झालेली एक पोथी मुठेत सोडायला निघाले होते, तेव्हा आबांनी कोचीनकरांना विचारलं की तुमची पोथी अशी खराब झाली तर तुम्ही काय करता? कोचीनकर म्हणाले, "जाळत नाही, पाण्यात सोडत नाही. माणसासारखी माती देतो."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ते पुन्हा कोकणात उतरायला निघाले. तिकडच्या ओलीत पोथी टिकणार नाही, म्हणून ती आमच्याकडे ठेवून गेले. आईने मलिदा केला, गूळखोबऱ्याचे पोहे, वर वेलची, आणि सगळ्यांनी मिळून शेमा म्हटला. पोथी त्यांनी आबांच्या नव्हे, आईच्या हातात दिली. "नव्याच्या सणाच्या आधी येतो. ओल आणि कसर, दोन गोष्टींपासून जपा," एवढंच ते म्हणाले. नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, पावसाळा सरता सरता येणारं. आईने ती शिसवी पेटीत, तिच्या लग्नाच्या लुगड्याखाली ठेवली.

श्रावणात दक्षिणेसाठी गावोगावचे ब्राह्मण पुण्यात लोटले. दिव्याच्या तेलाची मागणी तेव्हा संपत नसे, घाणा दिवसभर चाले. त्या वर्षी त्याच दिवसांत पटकीची साथ आली. ती कशी येते आणि काय करते हे मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचं भाग्य. दादा सकाळी बैलाला पाणी दाखवून आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मातीला नेलं. आपल्या घरांतले जे पुरुष उभे राहू शकत होते तेवढे आले. पाऊस असा होता की दारातून समोरचं घर दिसेना. बायकांनी मयताबरोबर जायचं नाही ही आमची रीत, आणि पटकीच्या माणसाला फार वेळ घरात ठेवू देत नव्हते, म्हणून त्याला न्हाऊ घालतानाही आईला बाहेरच ठेवलं होतं. आबा अंधार पडता पडता परत आले, अंगावरच्या बंडीचा गळा रीतीप्रमाणे फाडलेला, ढोपरापर्यंत चिखल. पाय न धुताच बसले.

लोकांना वाटतं अशा वेळी माणूस रडतं. मी रडले नाही. आईही नाही. पाय झोपला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आमच्या सगळ्या घराचं झालं होतं. सात दिवस घाणा बंद होता, तर मला तो शनिवार लांबल्यासारखा वाटला, इतकंच. शेजारून आलेलं जेवण आम्ही जेवायचो. कसलं होतं ते आता आठवत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. आठव्या दिवशी आबांनी बैल जुंपला. आई चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची, वाढायची, पण तिने तोंड उघडलं नाही. ना हो, ना नाही. दादाचं नाव घरात कोणी घेतलं नाही. ते कोणी ठरवलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मला त्या घराचा राग येतो, आपलंच घर असून. तेव्हा रागही येत नव्हता.

पुढे एका दुपारी आईने लुगडी उन्हात घालायला पेटी उघडली, तर एका लुगड्याला कसर लागलेली. तिने पोथी बाहेर काढली. चामड्यावर एकदोन बारीक भोकं दिसत होती. पुराणिकबाईंकडून तिने कधीतरी ऐकलं होतं की त्यांच्या घरची ताडपत्रावरची जुनी पोथी तेल लावून ठेवतात, म्हणून तिला कीड लागत नाही. आणि आमच्या घरात तर काहीही जपायचं म्हणजे तेल. घाण्याच्या लाकडाला तेल, जोताच्या वादीला तेल, बैलाच्या शिंगांना तेल, दाराच्या बिजागरीला तेल, आणि आम्ही दोघं जन्मलो तेव्हा सव्वा महिना आम्हालाही सकाळसंध्याकाळ तेल. तेलाने काही बिघडतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तिने वाटीत तिळाचं तेल घेतलं, बोटं बुडवली आणि चामड्याला चोळलं. चामडं छान मऊ झालं. मग तिने पहिलं पान उलटलं.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की ती उंबऱ्यापाशी पोथी मांडीवर घेऊन बसायची. एका वेळी दोनतीन पानं. अंगठ्याने हळूहळू, मधून कडेकडे. पानाच्या कोपऱ्यांना, शिवणीत, जिथे बोट नीट जात नाही तिथेही. मी समोर बसून सुपात तीळ पाखडायची आणि बघायची. तिला थांबवावं असं माझ्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी मी थांबवलं नसतं, कारण दिवसभरात तेवढाच वेळ तिचा चेहरा तिच्यासारखा दिसायचा. आबा घाण्यावरून येताजाता बघत. बघून पुढे जात. तेल्याच्या घरात कोणी तेल लावत बसलंय, यात बघण्यासारखं काय?

पाऊस ओसरून स्वच्छ ऊन पडलं तेव्हा आबांच्या ध्यानात आलं. आई एक पान उचलून धरून होती आणि त्या पानातून तिचा हात दिसत होता. आबांनी बैल थांबवला, आत आले, पोथी घेतली आणि दारात उभी धरली. कागद तेल पिऊन काचेसारखा झाला होता. पुढची अक्षरं आणि मागची अक्षरं एकमेकांत घुसली होती. बारीक अक्षरांची शाई तर बऱ्याच ठिकाणी आईच्या अंगठ्याबरोबर निघून गेली होती.

"ही ठेव आहे," आबा म्हणाले. आईने ऐकलं की नाही कळलं नाही. ती बोटं पदराला पुसत बसली.

आबांनी मग जे तेली करील तेच केलं. कापडावर तेल सांडलं तर राख टाकून ओढून घेतात, म्हणून त्यांनी चाळलेली राख पानापानांत भरून वर पाटा ठेवला. तेल फारसं निघालं नाही, पानं मात्र काळवंडली. मग कोंडा भरून पाहिला. मग काहीच केलं नाही. रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत आणि म्हणत, "येतील आता." आमच्या घरात कोणी ठेवलेली वस्तू आजवर जशीच्या तशी परत गेली होती. आबांना दुसरा कसलाही अभिमान नव्हता, हा एक होता. आणि त्यांना भीती अशी की कोचीनकर आईला काही बोलतील, आणि ती आहे तेवढीही उरणार नाही.

कोचीनकर बोलल्याप्रमाणे नव्याच्या सणाच्या आधी आले. पडशी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "सामाजी कुठे?" आबा म्हणाले, "पटकी." मग आबांनी वेळ न घालवता पोथी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली, म्हणाले, "हेही बघून घ्या. दोन्ही एकदमच ऐका."

त्यांनी कापड सोडलं. पहिलं पान उघडलं, उजेडाकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. दुसरं. तिसरं. मधली पुष्कळ पानं उलटून शेवटचं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. घाणा बंद होता, त्यामुळे पान उलटल्याचा आवाजही येत होता, चिकट.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"तिने," आबा म्हणाले. "कसर लागू नये म्हणून. तुम्ही जपायला सांगितलं होतं."

"मला राग आला आहे," कोचीनकर म्हणाले. "थोडा वेळ माझ्याशी बोलू नका." आणि ते परसात जाऊन, जिथे दादाला शिकवायचे तिथेच, पाठ करून बसले.

दोन दिवस ते सकाळपासून ऊन उतरेपर्यंत ती पानं डोळ्यांसमोर धरून बसत. पानामागे कधी पांढरं कापड धरत, कधी काळं कांबळं. एखादी ओळ लागली की ओठ हलायचे, मग थांबायचे. मी पाणी नेऊन द्यायची, ते प्यायचे. तिसऱ्या दिवशी ते आत आले आणि आईसमोर, जमिनीवर, बसले. दोन्ही हातांनी स्वतःच्या अंगरख्याचा गळा धरला आणि टरकन फाडला.

आईने मान वर केली. "कोण गेलं?" तिने विचारलं.

दीड महिन्यानंतर तिचा आवाज मी ऐकला. आबा दारातच थबकले.

"ही गेली," कोचीनकर म्हणाले, आणि पोथीवर हात ठेवला. "माझ्या गुरूंचा हात होता हा. आता वाचता येत नाही. आता हिला माती द्यायची."

आई पोथीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे," ते म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. "पण मी ती तुमच्या हातात दिली, तुम्हाला तेल सोडून दुसरं काही येत नाही हे बघूनही. तेव्हा माझ्यामुळेही. गुरूंना मी काय सांगायचं ते माझं मी बघेन."

"सामाजीजवळ ठेवा," आई म्हणाली. "त्याला अक्षरं येत होती."

"तिथेच ठेवणार होतो."

"मी येणार."

आबा म्हणाले, "अगं, मातीला बायका जात नाहीत."

"माणसाच्या मातीला," कोचीनकर म्हणाले. "पोथीच्या मातीला बायकांनी जाऊ नये असं मी कुठे वाचलेलं नाही. आणि मी पुष्कळ वाचलेलं आहे, हसाजी."

आबा कुदळ घ्यायला उठले.

आमची वेगळी दफनभूमी तेव्हा नव्हती. पेठेबाहेर तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा, होती, तिच्या मागच्या मुसलमानांच्या कबरस्तानाच्या एका कडेला आम्हाला जागा देत. आई पोथी पांढऱ्या फडक्यात घेऊन चालली होती, कडेवर घेतल्यासारखी, आणि मी तिच्या पदराला धरून. आबा आणि कोचीनकर पुढे, आबांच्या खांद्यावर कुदळ. रस्त्यात पुराणिक भेटले, त्यांनी विचारलं, कुणीकडे? आबा म्हणाले, मातीला. पुराणिकांनी मोजून पाहिलं, सगळे तर इथेच दिसत होते, तरी ते बाजूला झाले.

कबरस्तानात कमरेएवढं गवत माजलं होतं. पावसाने ढिगारे बसले होते. आबा कडेकडेने चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. एका जागी दोन ढिगारे शेजारी शेजारी होते, दोन्हींच्या उशाशी धोंडा, दोन्ही धोंडे सारखेच. आबा तिथे उभे राहिले आणि कुदळ खाली टेकवली.

"कोणती?" आईने विचारलं.

आबा एका ढिगाऱ्याकडे बघायचे, मग दुसऱ्याकडे. एवढ्यात तकियातले फकीरबाबा काठी टेकत आले. आबांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दोघं एकाच संध्याकाळी आली, भाई. एक तुमचं, एक पिंजाऱ्याचं. मी तर तेव्हा तापाने पडलेलो होतो. पिंजारा असता तर त्याला विचारलं असतं, पण तो पोराला पुरून गाव सोडून गेला."

"मी त्या दिवशी काही बघितलंच नाही," आबा आईला म्हणाले. "मी इथे होतो, पण मला काही दिसत नव्हतं. मला सांगता येत नाही गं." आणि ते तिथेच गवतात खाली बसले, आणि त्यांना रडू फुटलं. मी आबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले. मला तेव्हाही काही वाटलं नाही. ते मला फार पुढे, माझ्या स्वतःच्या मुलाला शाळेत घालताना एकदम वाटलं, आणि त्या मास्तरांना कळेना की या बाईला झालं काय.

कोचीनकरांनी कुदळ उचलली आणि आईकडे पाहिलं. तीच सांगेल, असं त्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. आईने फकीरबाबांना विचारलं, "पिंजाऱ्याचा मुलगा केवढा होता?"

"असेल तुमच्या मुलाएवढाच."

आईने दोन्ही ढिगाऱ्यांकडे पाहिलं. मग पोथी एका हातावर घेऊन ती वाकली आणि दोन्हींच्या मधल्या जागेतलं गवत दुसऱ्या हाताने उपटून टाकलं.

"इथे खणा," ती म्हणाली. "दोघांना पुरेल."